छत्तिसावर घरटी एक

॥ श्री ॥

मु. गाव तेच, ता. बदनापूर, जि. जालना
बुधवार, ८ ऑक्टोबर २००३, सकाळचे साडेदहा

चि. सत्यशीला हिला कडूबामामाचा नमस्कार आणि आशीर्वाद. भाची म्हणून तुझे पाय धरायचे आणि वयानं लहान म्हणून तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा, हे दोन्ही एकदम करायला गेलं तर माणूस तोंडावर पडतो, म्हणून कागदावरच उरकून घेतो. तू दोन्ही ठेवून घे.

तुझी तब्येत कशी आहे? पुण्याच्या पाण्यानं तुझे केस गळून राह्यले असं तुझी आई, म्हणजे आमची पुष्पाबाई, सांगत होती. मला पाण्यावर संशय नाही, खुर्चीवर आहे. दहा-दहा तास एका जागी बसल्यावर केस तरी कशाच्या भरवशावर राहतील? इथं माझा गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या मामीचा खोकला गेला, पण आवाज दुप्पट झाला. (औषधात काय होतं ते डॉक्टरला विचारलं पाहिजे.) परतीचा पाऊस रोज दुपारी येऊन जातो, आणि ऊन दाखवण्यापुरतंच पडतं.

मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि तू अगदी खरं सांगायचं. गौरीला आलीस तेव्हा आमच्या कॉम्प्युटरमध्ये तू जी नवी बाई बसवून गेलीस, ती कोणाच्या सांगण्यावरून बसवलीस? आईचं सांगणं असेल तर मी समजून घेईन. बहिणीला भावाची काळजी असते. पण गयासोद्दीननं सांगितलं असेल तर तसं लिही, लपवू नको. फोनवर विचारलं असतं, पण बदनापूरच्या बूथवरचा माणूस लोकांचं बोलणं ऐकताना पेपर उलटा धरतो हे मी स्वतः पाहिलं आहे. पत्र पोचायला चार दिवस लागतील हे मला माहीत आहे. पण राग आत्ता आला आहे, तो चार दिवस धरून ठेवण्यापेक्षा पोस्टानं पाठवलेला बरा.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण मधून सुरू केलं की माझं शेवटापर्यंत पोचणं होत नाही. आपली अकरा घरं जाळीखाली बियाण्याची काकडी लावतात. काकडी पिवळीजर्द पिकली की फोडायची, बी काढायचं, धुवायचं, आणि त्याच दिवशी वाळवायला घालायचं. राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याला बुरशीची मिशी फुटते. आभाळाचा भरवसा नाही म्हणून या अकरा घरांच्या मंडळानं जालन्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ते वाळवणीचं मशीन आणलं: म्हशीच्या गोठ्याएवढी पत्र्याची खोली, आत जाळीचे ट्रे, एका बाजूला हिटर, एका बाजूला पंखा, आणि दाराशी तुझा कॉम्प्युटर. त्यात तू एक पाच ओळींची फाईल करून दिलीस. बी कोणतं, ताप किती, मिनिटं किती, पंखा किती नंबरवर, आणि शेवटी घंटी वाजवायची का. मशीन चालू होताना ती फाईल वाचतं आणि त्याबरहुकूम वागतं. फाईल मी लिहायची (मंडळाचा अध्यक्ष मी), आणि मशीन गयासोद्दीननं चालवायचं, कारण विहिरीवरच्या मोटारी बांधण्यात त्याची हयात गेली आणि हिटरची तार त्याला नाडीसारखी कळते. आमचे बांध लागून, विहीर दोघांत एक. पस्तीस वर्षांत आमचं भांडण झालं ते एकदाच, आणि तेही बैलाच्या रंगावरून.

मंग मागच्या साली काय झालं ते तुला माहीत आहे, पण आतलं माहीत नाही. सकाळी मी माझ्या हातानं ताप छत्तीस लिहिला. संध्याकाळी पाहतो तर काट्यावर सेहेचाळीस! अकरा घरांचं बी भाजून निघालं. ओल्या फडक्यात शंभर दाणे बांधून पाहिले, बावीस उगवले. बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला, फडकं उलगडलं, दाणे मोजले, आणि एकच बोलला, पुढच्या साली असं झालं तर आमचं गाव त्याच्या यादीतून निघेल. त्या दिवशी कॉम्प्युटरजवळ दिवसभर कोण होतं? गयासोद्दीन. मी त्याला काही बोललो नाही. माझ्या जिभेला तसलं वळण नाही. फक्त कॉम्प्युटरच्या पेटीची चावी दोघांची मिळून खुंटीला असायची, ती मी काढून करदोट्याला बांधली. त्याचं स्वतःचं बी त्यातच भाजलं होतं. तुझी मामी म्हणाली, "स्वतःचं कोण जाळून घेईल?" मी म्हणालो, संशय येऊ नये म्हणून पहिलं स्वतःचंच जाळावं लागतं. (हे बोललो तेव्हा मला फार हुशार वाटलं होतं.) तेव्हापासून तो चहाला येत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला मी गेलो नाही. मागच्या साली नाही, आणि परवाच्या रविवारीही नाही. आपट्याची पानं सदऱ्याच्या खिशात घेऊन त्याच्या दारावरून दोनदा गेलो. दोन्ही वेळा मी घाईत होतो.

आता त्या बाईबद्दल. तू जाताना सांगितलंस, "मामा, आता फाईलमध्ये काहीबाही चालणार न्हाई. ही आधी वाचती, चुकलं असंल तर सांगती, बराबर असंल तरच मशीन चालू व्हतंय." मी म्हणालो बरं झालं, आता गयासोद्दीन सापडेल. पण सत्यशीले, तोडणी सुरू होऊन पंधरा दिवस झाले, ती रोज मलाच पकडते! त्याला एकदाही नाही. एक दिवस मला ताप होता म्हणून मामीनं करदोट्यासकट चावी त्याला दिली, तर त्यानं पाच ओळी लिहिल्या आणि मशीन एका झटक्यात चालू झालं म्हणे. ही काय वागणूक झाली? तूच सांग. तिला त्याची ओळख आधीपासून असल्याशिवाय असं होतं का?

पहिल्याच दिवशीचं ऐक. 'बी' या ओळीत मी लिहिलं, 'आपली काकडी'. इंग्रजी अक्षरं शोधून एका बोटानं मराठी लिहायचं म्हणजे एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा वर येतो. पाव तास लागला. बाई म्हणाली: ओळ एक, काकडी, दोडका, कारलं यांपैकी एकच लिहा. अगं, 'आपली' या शब्दानं तिचं काय बिघडत होतं? काकडी आपली नाही तर कोणाची? खोडलं. 'ताप' या ओळीत लिहिलं, 'छत्तीस किंवा सदतीस, आभाळ बघून'. ओळ दोन, एकच आकडा पाहिजे. आता आभाळ तिला दिसत नाही, मला दिसतं, आणि ऐकून मी घ्यायचं! बरं, लिहिले छत्तीस. मिनिटाच्या ओळीत लिहिलं सहाशे एक. तुला माहीत आहे, आपण शून्यावर आकडा सोडत नाही, आहेर असो की देवळाची पावती, वर एक ठेवतोच. ओळ तीन, सहाशेच्या पुढं चालत नाही. एका मिनिटानं कोणाचं घर बुडणार होतं? पंख्याला लिहिलं अडीच, कारण दोनवर वारं कमी पडतं आणि तीनवर दाणे उडतात, हे मी हात घालून पाहिलं आहे. ओळ चार, एक, दोन किंवा तीन. (बाजारात गेली तर ही बाई अडीच किलो कांदे घेऊ शकणार नाही.)

आणि तिची खोड अशी की सगळ्या चुका एकदम सांगत नाही. एक दुरुस्त करून पुन्हा चालू करावं तेव्हा दुसरी सांगते. माझ्या आईची, म्हणजे तुझ्या आजीची, सून नांदवायची पद्धत हीच होती. भाकर जाड झाली हे सकाळी, मीठ जास्त पडलं हे दुपारी, आणि पदर नीट नाही हे पाहुणे बसल्यावर. तुझी मामी त्या शिकवणीतून गेली असल्यानं ती या बाईच्या बाजूनं आहे. इथंही मला कटाचा वास येतो.

पण पाचव्या ओळीनं कळस केला. घंटी. मी लिहिलं, 'गरज पडली तर'. ओळ पाच, हो किंवा नाही. मी लिहिलं, 'वाजवली तर बरं'. हो किंवा नाही. लिहिलं, 'बघू'. हो किंवा नाही. अगं, सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी कोणाच्या प्रश्नाला नुसतं हो किंवा नुसतं नाही म्हटलेलं नाही. तुझी मामी पाहायला गेल्तो तेव्हा मोठ्यांनी विचारलं, पसंत आहे का? मी म्हणालो, बघू. त्या 'बघू'वर चव्वेचाळीस वर्षं संसार झाला. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही आणि हो म्हणून बांधून घ्यायचं नाही, एवढंच तर मी शिकलो, आणि तेच तिला चालत नाही. शेवटी 'हो' लिहिलं. घंटी वाजली. कोंबड्या पळाल्या, त्यातली एक अजून आलेली नाही. (तिच्याबद्दल माझा संशय वेगळाच आहे, तो भेटीत सांगेन.)

एवढं झाल्यावर माझ्या मनात आलं, मी गेल्यावर कोणीतरी येऊन बाईला शिकवून जातं. म्हणून गेल्या सोमवारी मी मामीची कपड्याची नीळ घेतली आणि आकड्यांच्या बटनांवर चिमूट चिमूट भुरभुरली. आधी हळद टाकणार होतो, पण वरण-भात हातानं खाणाऱ्या गावात पिवळी बोटं कोणाची नाहीत? निळीचा पुरावा पक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांची बोटं तपासली. म्हणजे तपासतो असं न दाखवता, रामराम करताना हात हातात घेऊन. गयासोद्दीनचे हात स्वच्छ. उलट त्यानंच माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या कानाला काय झालं?" घरी येऊन आरशात पाहिलं तर माझा कान निळा, टोपीची कड निळी, नाकाच्या शेंड्यावर एक टिकला, आणि पंचा तर नुकताच रंगकामावरून आल्यासारखा. मामीनं चार बायका बोलावून दाखवला. मी म्हणालो, हीच त्याची हुशारी! तो आकड्यांना हातच लावत नाही, एक मोठं बटन दाबतो आणि बाजूला होतो. असा माणूस कधी सापडतो का?

आता आजचं. आज सकाळी सात वाजता अकरा घरांचं शेवटच्या तोडणीचं बी धुवून ट्रेमध्ये पसरलं. यंदाचं चांगलं बी ते हेच. फाईल मी पहाटेच लिहून ठेवलेली, ताप छत्तीस. तेवढ्यात चतुराबाई आली. आपल्या खालच्या आळीची, काकडीतली सर्वांत कष्टाळू बाई. म्हणाली, "भाऊ, माजं बी लईच वलं हाय. एक डिगरी वाढवा की." आता माप मोजून दिल्यावर वर एक मूठ टाकायची ही आपली रीत. बापानं शिकवली, त्याला त्याच्या बापानं. मूठ टाकली नाही तर दिलेलं माप घशाखाली उतरत नाही. वाढवली एक. तिच्या मागून पुंजाराम आला, नेहमीसारखं कुरकुरत, की त्याचे ट्रे कोपऱ्यात आहेत आणि कोपऱ्याला कायम अन्याय होतो. त्याला एक. मंग आणखी दोन घरं आली, त्यांना एकेक. बाई काही बोलली नाही. चाळीस झाले. आणि मंग माझ्याच घरचं माणूस, तुझी मामी उषाबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली:

"साऱ्या गावाला वाढवून दिलं, आन आपल्याच घरचं बी उघड्यावर पडलंय व्हय?"

मी लिहिले एकेचाळीस. आणि बाई म्हणाली: ओळ दोन, ताप. चाळीसच्या वर चालत नाही. तुम्ही लिहिलं एकेचाळीस.

चार परक्या घरांना दिलं, आणि माझ्या बायकोच्या वेळेला बंद! पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जोरात बटनं दाबून लिहिलं, तेच. मी मशीनसमोर बसकण मारली आणि सांगितलं की उषाबाईची डिग्री घेतल्याशिवाय आज मशीन चालू होणार नाही. गयासोद्दीन बाजूला उभा होता. निळ्या कानाचं सोडलं तर वर्षभरात पहिल्यांदा तो आपण होऊन बोलला, "भाऊ, बी वलं हाय. बराबर लिव्हा न. जल्दी करा." तो एवढी घाई का करतोय, याचा मी अजून विचार करून राह्यलो.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. एक तर त्या बाईला काढून टाक, नाही तर तिला सांग की चाळीसच्या वर अध्यक्षाला एक मूठ माफ असावी. मी आता चार घरी जाऊन दिलेल्या डिग्र्या परत घेतो, म्हणजे उषाबाईची बसवता येईल. बी तीन तासांपासून ओलं पडलं आहे, म्हणून इथंच पुरं करतो. तुला बरं स्थळ येवो, पण स्थळ खुर्चीवर बसणारं नसावं.

तुझा,
कडूबामामा

ता. क. १ (दुपारचा एक) — वर मागितलं त्यातलं काही करू नकोस. बिलकुल हात लावू नकोस.

डिग्र्या परत मागायला गेलो. चतुराबाई दारात सुपात आधीच्या तोडणीचं बी पाखडत होती. म्हणाली, "म्या तर एकच मागितली व्हती, भाऊ. एकीनं काय व्हतंय?" पुंजाराम म्हणाला, "दिलेली डिगरी परत मागता? आहेराचं पातळ परत मागितल्यावानी झालं की. आन मी काय वर्साला नवी मागतो का? मागच्या साली दिली तीच तर मागितली!"

मी म्हणालो, मागच्या साली कधी?

"मागच्या साली दिली न्हाई व्हय? मला दिली, चतुराबाईला दिली, समद्यांना घरटी एक दिली. तुम्ही कोणाला न्हाई म्हणता का?"

मी त्याच्या ओट्यावर बसलो. पाणी मागितलं. बोटांची पेरं मोजली. पुंजाराम, चतुराबाई, खालची आळी, वरची आळी, आपली उषाबाई. दहा पेरं झाली. अकरावं घर गयासोद्दीनचं, त्यानं कधी मागितली नव्हती. छत्तीस आणि दहा.

सत्यशीले, तो सेहेचाळीसचा आकडा मी वर्षभर उराशी धरून होतो. झोपेत कोणी विचारलं असतं तरी सांगितला असता. पण तो कशाकशाचा झाला ते एकदाही मोजलं नाही.

खोटं सांगत नाही, मागच्या साली मी दिवसभर मशीन थांबवून थांबवून डिग्र्या वाटल्या हे मला आठवत होतं. पण त्याचा आणि सेहेचाळीसचा काही संबंध असेल असं मनात आलं नाही. मी समजत होतो की चतुराबाईसाठी टाकलेली डिग्री चतुराबाईच्याच ट्रेला लागते. मापावर मूठ टाकली की ती त्याच्याच पोत्यात जाते, दुसऱ्याच्या जात नाही. खोली एक, वारं एक, हिटर एक. त्यात दहा जणांची एकेक मूठ सगळ्यांच्याच डोक्यावर पडते हे मला कोण सांगणार होतं? तेव्हा मला अडवणारं त्या फाईलमध्ये कोणी नव्हतं. फाईलनं तर निमूट सेहेचाळीस लिहून घेतले. मी प्रेमानं दिलं तेच अकरा घरांचं भाजलं. गयासोद्दीनचंही, त्यानं मूठ न मागता.

तुझ्या बाईनं यंदा पाचव्या मुठीलाच हात धरला. नाहीतर आज दुपारपर्यंत मी पुन्हा दहाही घरं पुरी केली असती, हे मला माझ्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत!

परत आलो. मशीनसमोर गयासोद्दीन ट्रेवर ओलं फडकं टाकून, हातानं वारा घालत बसला होता. बोलायला तोंड उघडलं, पण गुडघ्याबद्दलच बोललो. शेवटी करदोट्याची चावी सोडली (गाठ एक वर्ष जुनी, करदोटा उतरवून दातांनी सोडवावी लागली), त्याच्यापुढं ठेवली आणि हात धुवायला निघून गेलो. हात स्वच्छच होते. मागून मशीनचा आवाज आला. काट्यावर पाहिलं, छत्तीस. उषाबाईला सांगितलं की यंदा कोणालाच मूठ नाही. ती म्हणाली, मंग हरकत न्हाई. एवढंच म्हणणं होतं तर सकाळी कमरेवर हात कशाला ठेवले होते?

ता. क. २ — हे खरं काम, आणि याचसाठी पत्र पाठवतो आहे.

तू सांगितलं होतंस की फाईलमध्ये आणखी ओळी घालता येतात. तर एक सहावी ओळ घाल. नाव दे: 'मागच्या सालची चूक गयासोद्दीनची'. पुढं उत्तर लिहायचं. आणि बाईला सांग, या ओळीत फक्त 'नाही' चालेल. 'हो' चालणार नाही. 'बघू' चालणार नाही. 'गरज पडली तर', 'तसं नव्हतं पण', असलं काहीही मी लिहिलं तरी घेऊ नये, मशीन चालू करू नये, आणि ओळ सहा, फक्त नाही, असं पुन्हापुन्हा सांगावं. मला तोंडानं नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. पण बी ओलं पडलं असलं आणि अकरा घरं दारात उभी असली तर लिहावंच लागेल. आणि तो शेजारी उभा असेल, त्याला वाचता येईल. रोज लिहीन. पस्तीस वर्षं पुरेल इतक्या वेळा लिहीन. म्हणजे तेवढं आयुष्य असेल तर. (तब्येत ठीक आहे, घाबरू नको.)

पाकिटात आपट्याची दोन पानं ठेवतो. रविवारपासून खिशात होती म्हणून कडा मुडपल्या आहेत. एक तुला, एक तुझ्या आईला.

ता. क. ३ (दुपारचे अडीच) — पाकीट मशीनपाशी उघडंच ठेवून मी डिंक आणायला घरी गेल्तो. आलो तर पाकीट चिकटवलेलं, माझ्या हातून कधी झालं नसतं इतकं नीट. गयासोद्दीन हिटरपाशी पाठमोरा. मान न वळवता म्हणाला, "भाऊ, टपालाची थैली तीनला जाती. जल्दी करा. येताना चहापत्ती आणा, घरची संपली."

त्याच्या घरची म्हणतो की माझ्या घरची, हे त्यानं सांगितलं नाही. मला संशय आला. माझा स्वभाव एका दुपारीत जाणार आहे का? मी विहिरीमागं जाऊन पाकीट पुन्हा फोडलं.

तुला दिसेलच, ता. क. दोनच्या कागदावर, 'फक्त नाही' लिहिलं आहे त्याच्या बाजूला, निळा अंगठा उमटला आहे. तो माझा नाही. माझी बोटं कधीच धुऊन निघाली. आज आकडे त्यानं लिहिले, आणि बटनांच्या फटींत माझी नीळ अजून होती.

आणि पाकिटात आपट्याचं पान एकच उरलं आहे. नीट पाहिलं, झटकून पाहिलं. दुसरं आत नाही.

तेव्हा आईला सांग की तिचं सोनं यंदा वाटेतच एकानं घेतलं, आणि देणाऱ्याची तक्रार नाही. ती सहावी ओळ मात्र घालच. चहापत्ती मी दोन पुडे आणतो.